तीस वॅटचं कार्ड

संगणक तिसऱ्यांदा बंद पडला, आणि तोही पुन्हा रूइनचा नंबर आला तेव्हाच.

पडदा काळा झाला. पंख्याची घरघर थांबली. चांगह्वा शहरातल्या एका देवळामागच्या खोलीत आठ मुलं बसली होती. त्यांतली सात रूइनकडे बघायला लागली. रूइन मात्र समोरच्या काळ्या काचेला नाक लावून तशीच बसून राहिली. मग तिने खुर्ची मागे सरकवली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी नाही वाचत. मी वाचलं की बंद पडतं."

"असं कुठे असतं का?" ज्वांगबाई म्हणाल्या.

"असतं. तीन शनिवार झाले. बोवेन वाचतो तेव्हा नाही पडत."

"कारण मी झकास वाचतो," बोवेन म्हणाला.

"तू झकास बोलतोस. वाचताना अर्ध्या ओळी गिळतोस," बाई म्हणाल्या. मुलं हसली. रूइन हसली नाही.

ज्वांगबाईंनी चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून वस्तीच्या या खोलीत त्यांनी शनिवारचा वाचनवर्ग काढला. रूइन नऊ वर्षांची. जन्मापासून डोळे अधू. पुस्तकातल्या एकेका चिनी अक्षरात वीस-वीस रेघा, आणि तिला त्या सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या दिसत, मुंग्यांनी गुळाच्या खड्याला धरावं तशा. दोन वर्षं ती वर्गात तोंड मिटून बसायची. मग बाईंनी तिच्यासाठी दुसरा मॉनिटर आणला. तो तिच्या बाकावर, नाकासमोर. त्यावर एकेक अक्षर तळहाताएवढं दिसायचं. गेल्या वर्षी तिने त्या पडद्यावरून पहिली ओळ मोठ्याने वाचली, आणि खोलीच्या दारात चपला घालत असलेली तिची आई एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली होती. तेव्हापासून रूइन दर शनिवारी एक पान वाचत असे. एकही शनिवार चुकला नव्हता.

आणि आता ती म्हणत होती, मी नाही वाचत.

मुलं गेल्यावर बाई त्या बंद डब्यासमोर बसल्या. डोकं तापलं होतं. आधी त्या संगणकावर तापल्या, मग दुकानदारावर. स्वतःवर तापायची वेळ अजून यायची होती.

झालं होतं ते असं. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर संगणकातलं जुनं ग्राफिक्स कार्ड जळालं. पडद्यावर चित्र आणून देणारा हा भाग. काही संगणकांत त्याची सोय मूळ प्रोसेसरमध्येच असते, तिथे वेगळं कार्ड लागतच नाही. बाईंच्या संगणकात तशी सोय नव्हती. कार्ड गेलं म्हणजे चित्र गेलं. त्यांनी जुन्या कार्डाचा नंबर शोधला, कागदावर व्यवस्थित लिहिलं, "तीस वॅट, लहान आकार, दोन मॉनिटर चालले पाहिजेत, बाकी काही नको," आणि स्टेशनजवळच्या संगणकाच्या दुकानात गेल्या.

दुकानाचा मालक न्येन. चाळिशीचा, तोंडाचा गोड. त्याने कागद वाचला आणि असा हसला, जणू कुणी त्याच्याकडे कंदिलाची काच मागितली होती.

"ताई, तीस वॅट? आजकाल एवढ्यात काय होतं? अहो, दिवा तरी लागतो का?"

"मला दिवा लावायचा नाही. मुलांना वाचायला शिकवायचंय."

"म्हणजे मुलं वापरणार! मग तर मोठंच घ्या. आज वाचतील, उद्या गेम खेळतील, परवा व्हिडिओ बनवतील. पाच वर्षं बघायला नको. लहान कार्ड घेऊन लोक पस्तावतात, मी रोज बघतो."

"माझा डबा जुना आहे. त्याला पेलेल का?"

"ते माझ्यावर सोडा ना, ताई. बसा, चहा घ्या."

बाईंनी चहा घेतला, आणि तिथेच चुकलं. चौतीस वर्षं मुलांना त्या सांगत आल्या होत्या की समोरच्याने 'माझ्यावर सोडा' म्हटलं की हातात पेन्सिल घ्या. पण दुकानात गर्दी होती, पोरं रंगीत दिव्यांचे संगणक बांधून घेत होती, आणि पांढऱ्या केसांच्या बाईने पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणं त्यांना स्वतःलाच बरं वाटेना. संगणक परत आला तेव्हा आत विटेपेक्षा लांब कार्ड होतं. त्याला तीन पंखे. बाजूचं झाकण नीट बसत नव्हतं, ते चिकटपट्टीने लावून दिलं होतं.

नवं कार्ड आलं म्हणून पहिल्या शनिवारी रूइनने खाऊची पुडी आणली. मक्याच्या कुरमुऱ्यांची, जिच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. यंत्राने नीट चालावं म्हणून ही पुडी त्याच्यावर ठेवतात. दवाखान्यात ठेवतात, बँकेत ठेवतात, बाईंच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजमापाच्या यंत्रांवर होती. पुडी हिरवीच हवी, आणि तिची तारीख उलटलेली नको. रूइनने आणली ती पिवळी होती. तिने स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या हाताने निवडली होती. बाईंनी रंग पाहिला आणि पुडी तशीच डब्यावर ठेवून दिली.

त्याच दिवशी रूइन वाचत असताना संगणक पहिल्यांदा बंद पडला.

बाईंनी न्येनला फोन लावला. तो म्हणाला, "नवीन आहे, सवय होऊ द्या." दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. पुन्हा फोन. या वेळी पलीकडून गर्दीचा आवाज येत होता आणि न्येन घाईत होता.

"ताई, वर पुडी ठेवलीय ना?"

"ठेवलीय."

"हिरवी?"

"पिवळी आहे."

"मग! ताई, अहो तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. पिवळी म्हणजे धोक्याचा दिवा. ती काढा आधी. वस्तू माझी चोख आहे."

फोन ठेवून बाई हसल्या होत्या. पण संध्याकाळी भाजी घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी एक हिरवी पुडी घेतली, खोली उघडून पिवळीच्या जागी ठेवली, आणि पिवळी आपल्या पिशवीत टाकली. ठेवली तर ठेवली, कुणाचं काय बिघडतं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बिघडलं होतं ते आज कळत होतं. रूइनला रंग दुरून कळत नाहीत. पण ती प्रत्येक गोष्ट नाकाशी धरून बघते. आज आल्या आल्या तिने ती पुडीही नाकाशी धरून बघितली होती. बाईंनी ते पाहिलं होतं, आणि त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"चौतीस वर्षं," बाई रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या. "चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि पुडी बदलून आले."

मग त्या उठल्या, पेटीतून पेचकस काढला, चिकटपट्टी ओरबाडली आणि झाकण उघडलं.

शोधायला काही लागलंच नाही. आत वीज पुरवणारा जो डबा होता, पॉवर सप्लाय, त्याच्यावर आठ वर्षांपूर्वीचा कागद चिकटलेला होता: तीनशे वॅट. नव्या कार्डाच्या कडेला छापलेलं होतं: दोनशे वीस वॅट. त्या कार्डाला विजेसाठी वेगळी जाड वायर लागते. या जुन्या डब्यात तशी वायरच नव्हती. म्हणून न्येनने काय केलं होतं? डिस्कसाठीच्या दोन बारीक वायरी एकत्र करून एक जोडवायर लावली होती. बाईंनी तिच्या टोकाला बोट लावलं. संगणक बंद होऊन अर्धा तास झाला होता, तरी ते कोमट होतं. पांढऱ्या प्लास्टिकची एक कड तांबूस झाली होती.

बाईंनी बोट मागे घेतलं. या डब्यापासून हातभर अंतरावर आठ मुलं बसत होती.

आणि रूइनच का, तेही आता उघड होतं. अक्षरं मोठी करणारा प्रोग्रॅम फक्त तिच्यासाठी चालू व्हायचा. दुसरा मॉनिटर तेव्हाच जागा व्हायचा. ते आडदांड कार्ड तेव्हाच एकदम जोर मारायचं, आणि म्हातारा पॉवर सप्लाय हात टेकायचा.

बाईंनी रूइनच्या आईला फोन केला. "दुपारी तासभर रूइनला घेऊन जाऊ का? स्टेशनजवळच्या दुकानात. काम तिचंच आहे."

दुपारी दोघी निघाल्या. संगणक बाईंच्या भाजी आणायच्या चाकांच्या गाडीवर बांधला होता, आणि खड्डा आला की कार्डाचे पंखे आत खुळखुळत.

"रूइन, तुझी पुडी मी बदलली," बाई म्हणाल्या.

"माहितीय."

"ती माझी चूक होती. पुडीने काही झालं नव्हतं. मी नीट बघायला हवं होतं, ते न बघता मी पुडी बदलली."

रूइनने हात पुढे करून डब्याचं झाकण चाचपलं. मग म्हणाली, "पण बदलल्यावरही बंद पडलं. म्हणजे पुडी नाही. मीच."

बाईंनी गाडी थांबवली. एवढ्या सरळ तर्काला उत्तर द्यायचं, तर तेही तेवढंच सरळ हवं. "दुकानात चल," त्या म्हणाल्या. "तिथे तुला एक बेरीज करायचीय."

न्येनच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. काउंटरवर एक लांब केसांचा तरुण आपल्या नव्या संगणकाची यादी तपासत होता. बाईंनी डबा उचलून सरळ त्या यादीवर ठेवला.

"अरे, आजी!" तरुण म्हणाला.

"थांब जरा, बाळ. तुलाही उपयोग होईल."

"ताई!" न्येन हसत पुढे आला. "पुन्हा बंद पडला? सांगितलं होतं ना मी..." त्याचं लक्ष रूइनकडे गेलं. "ही का ती पिवळ्या पुडीवाली? काय गं, यंत्राला घाबरवलंस होय?"

आजूबाजूची दोघं-तिघं हसली. रूइनची मान खाली गेली.

ज्वांगबाईंनी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. चौतीस वर्षांत एकदाही नाही. इथेही त्यांनी चढवला नाही. पण जे कुणी त्यांच्या वर्गात बसलं असेल, त्याने तो आवाज ओळखला असता आणि हातातली वही मिटली असती.

"न्येन, हे झाकण उघड."

"ताई, जरा गर्दी आहे, सोमवारी..."

"उघड."

त्याने उघडलं.

"रूइन, इकडे ये. जवळ ये. हे लांब कार्ड दिसतंय? त्याच्या कडेवर काय लिहिलंय, वाच."

रूइनने नाक जवळजवळ पंख्यात घातलं. "दोनशे वीस."

"म्हणजे जोर लावला की एवढी वीज खातं. प्रोसेसर खातो शंभर. बाकी सगळं मिळून चाळीस. बेरीज कर."

"इथे शाळा भरवताय का, ताई?" न्येन म्हणाला. "गिऱ्हाईकं थांबलीत."

"शाळेत शिकला असतास तर इथे भरवायला लागली नसती. कर गं."

"तीनशे साठ," रूइन म्हणाली.

"आता खाली त्या करड्या डब्यावर वाच. तो किती देतो?"

रूइनला वाकावं लागलं. लांब केसांच्या तरुणाने न सांगता मोबाइलचा दिवा लावून आत धरला. "तीनशे," ती म्हणाली.

"लागतात तीनशे साठ, मिळतात तीनशे. घरी आजी विजेचा भाताचा कुकर लावते, त्याच प्लगच्या फळीवर तू केस वाळवायचं मशीन लावलंस तर काय होतं?"

"फटकन लाइट जाते. आजी ओरडते."

"कुणाला?"

"मला."

"आणि ती फळी लावून देणाऱ्याने आधी सांगितलं असतं, की बाई गं, दोन्ही एकदम लावू नका, तर?"

रूइन विचारात पडली. "तर मी लावलंच नसतं."

दुकानात आता कुणी हसत नव्हतं. न्येनने घसा साफ केला. "हे बघा ताई, आवाज कशाला? तुम्हाला लहान कार्ड हवंय ना? देतो. मागे आहेत, ऑफिसांसाठी ठेवतो. तीस वॅटचं, वेगळी वायर लागत नाही, दोन मॉनिटर चालतात. आत्ता बदलून देतो, वरचे पैसे परत. झालं?"

"म्हणजे होतं तुझ्याकडे."

"होतं म्हणजे... तसं कुणी मागत नाही."

"मी मागितलं होतं. लिहून आणलं होतं. तिघांच्या जेवणाला रस्त्यावर मांडव घालतात त्या मेजवानीची भट्टी माझ्या गळ्यात मारलीस, वर म्हणालास, लोक लहान घेऊन पस्तावतात. कोण पस्तावलं? नाव सांग एकाचं."

"ताई, धंद्यात..."

"धंद्याचं मी बघून घेईन, ते माझं तुझं. या पोरीचं काय? तिला वाटतंय, ती वाचते म्हणून यंत्र मरतं. तू भर दुकानात तिला हसलास. आता भर दुकानात तिला सांग, काय झालं ते."

न्येन रूइनकडे बघून ओशाळं हसला. "अगं, गंमत केली काकांनी. हं? घे, हे चॉकलेट घे."

"मला चॉकलेट नको," रूइन म्हणाली.

"गंमत नाही," बाई म्हणाल्या. "काय झालं ते."

"लहान मुलीला काय कळणार त्यातलं?"

"तिने आत्ता तुझ्यासमोर बेरीज केली. तुला जमली नव्हती ती."

न्येनचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी टाकून बोलणार, एवढ्यात लांब केसांच्या तरुणाने डब्यात बोट घातलं. "मालक, ही काय वायर आहे? हिचं टोक भाजलंय." त्याने सावकाश आपल्या यादीकडे पाहिलं, मग न्येनकडे. "माझ्यातही असलीच घालणार होता का?"

"तुझ्यात कशाला? तुझा सप्लाय मोठा आहे."

"म्हणजे लहान असला की घालता."

काउंटरपाशी उभ्या असलेल्या आणखी एकाने आपली पिशवी उघडून आत बघायला सुरुवात केली. न्येनने ते पाहिलं, आणि चटकन काउंटरच्या बाहेर आला. वाकला नाही, पण मान खाली घातली.

"तुझ्यामुळे नाही बंद पडलं," तो रूइनला म्हणाला. "कार्ड मोठं होतं. वीज देणारा डबा लहान होता."

"तुम्हाला माहिती होतं?" रूइनने विचारलं.

तिने ते साधंच विचारलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. न्येनने बाईंकडे पाहिलं, जणू उत्तर बाईच देतील. बाईंनी बोटाने रूइनकडे दाखवलं.

"होतं," तो म्हणाला, आणि कार्ड आणायला मागे गेला.

बदलायला दहा मिनिटं लागली. नवं कार्ड तळहाताएवढं, एका छोट्या पंख्याचं. खाचेत बसवलं की झालं, जी वीज हवी ती खाचेतूनच घेतं. लांब कार्डाला जागा करायला काढून ठेवलेली डिस्कची फळी पुन्हा बसली. झाकण नीट लागलं. जोडवायर बाईंनी मागून घेतली.

"ती कशाला, ताई?" न्येनने विचारलं.

"वर्गात दाखवायला."

पुढच्या शनिवारी बाईंनी ती जोडवायर फळ्यावर टांगली आणि सगळ्या मुलांना तीच बेरीज करायला लावली. बोवेनचं उत्तर तीनशे पन्नास आलं, आणि त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा झाली. मग वाचन सुरू झालं. एकेक पान, एकेक जण. पाचवा नंबर रूइनचा.

बाईंनी दुसरा मॉनिटर लावला. अक्षरं मोठी झाली. डब्यातून नेहमीपेक्षा जास्त आवाज आला नाही. रूइनने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला, जिथे मागच्या वेळी पडदा काळा झाला होता तेवढ्याच अंतरावर, ती थांबली. अक्षर अडलं म्हणून नव्हे. ते तिला येत होतं. ती वाट बघत होती.

काही झालं नाही. तिने ओळ पुरी केली. पण पुढच्या ओळीलाही ती थांबली, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक ओळीनंतर नाक काचेपासून जरा मागे, एक क्षण, मग पुन्हा पुढे.

बाई फळ्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा तोच संताप पुन्हा वर आला. कार्ड दहा मिनिटांत निघालं होतं. हे थांबणं किती शनिवार राहणार होतं? ते कोण परत घेणार होतं, कुठल्या काउंटरवर? आणि त्यात आपलाही वाटा होता, हे त्या विसरल्या नव्हत्या.

पण त्या 'थांबू नकोस' म्हणाल्या नाहीत. रूइन जेवढी थांबेल तेवढ्या त्याही थांबल्या, आणि बाकीच्या मुलांनाही बोट ओठावर ठेवून थांबायला लावलं. पान संपायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. शेवटच्या दोन ओळी मात्र ती सलग वाचून गेली. बहुधा तिथे गोष्टीतल्या माकडाची शेपूट दारात अडकली होती म्हणून.

पान संपलं. रूइनने काचेकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग बाईंकडे.

"आता थांबू?"

"पुढचं पानही तूच वाच."

"बाई, ते माझं पान आहे!" मागून बोवेन ओरडला. "शेपटीचं पुढचं सगळं माझ्या पानावर आहे!"

"तुझं पुढच्या शनिवारी," बाई म्हणाल्या. "आणि तोवर बेरीज करून आण."

रूइनने खुर्ची पुढे ओढली, नाक काचेशी नेलं, आणि बोवेनचा आवाज बुडेल इतक्या मोठ्याने त्याचं पान वाचायला लागली.